आंधळ्या घाटातल्या दोन वाटाड्या

तुमच्या-आमच्या पणज्यांच्याही पणज्या जन्माला यायच्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरी राज्यात एक घाट होता. वर्षातले आठ महिने तो धुक्यात बुडालेला असे. धुकंही असं की पुढे केलेला स्वतःचा हात दिसू नये. म्हणून लोक त्याला आंधळा घाट म्हणत.

माथ्यावरच्या लोकांना खाली उतरायला आणि पायथ्याच्या लोकांना वर चढायला हा एकच मार्ग. पण वाटेत अकरा फाटे होते. प्रत्येक फाट्याला एक वाट गावाकडे जाई आणि दुसरी कुठेतरी भलतीकडेच. कुठे काट्यांच्या जाळीत, कुठे ओढ्यात, तर कुठे सरळ कड्यावर. अनोळखी माणसानं एकट्यानं घाट उतरायचा नाही, असा तिथला रिवाज होता. बरोबर वाटाड्या घ्यायचा आणि त्याच्या शब्दावर पाऊल टाकायचं.

हे वाटाडे तयार करण्यासाठी माथ्यावर एक शाळा होती. दौलतबाबा नावाचे म्हातारे वाटाडे तिथं शिकवत. त्यांच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, पण घाटात डोळ्यांचं काम तरी किती होतं? मुलं आणि मुली वर्षभर त्यांच्याबरोबर घाट चढत-उतरत. वर्षाच्या शेवटी परीक्षा होई. त्यात उतरेल त्याच्या हातात बाबा पितळेचं कडं घालत. ज्याच्या हातात कडं, तो वाटाडा. लोक त्याचं नाव-गाव विचारत नसत. कडं पाहत आणि मागून चालू लागत.

या शाळेत सगुणा आणि हौसा नावाच्या दोघी मैत्रिणी होत्या. एकीच्या पायात काटा मोडला तर दुसरी लंगडेल, अशी त्यांची मैत्री. सगुणा हुशार होती. एकदा चाललेली वाट ती विसरत नसे. हौसाही मन लावून शिकायची, पण त्या वर्षी तिची आई आजारी पडली आणि तिला चार महिने घरी राहावं लागलं. ती परत आली तेव्हा बाकीची मुलं अकराव्या फाट्यापर्यंत पोहोचली होती आणि हौसा अजून चौथ्यातच अडखळत होती.

परीक्षा आठ दिवसांवर आली. पाण्याच्या टाक्यापाशी दोघी घागरी भरत होत्या. हौसाची घागर भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"काय झालं गं?" सगुणानं विचारलं.

"मी नापास होणार."

"झालीस तर पुढच्या वर्षी देशील."

"पुढचं वर्ष कुठलं? बापूंनी मला एकच साल दिलंय. पास झाले तर ठीक, नाहीतर घरी परत. गावभर सांगत फिरतात, माझी लेक वाटाडी होणार म्हणून. मी नापास होऊन गेले तर ते मला पुन्हा घाटाचं तोंड बघू देणार नाहीत."

"मी शिकवते तुला."

"आठ दिवसांत? सात फाटे?" हौसा रडवेली झाली. "सगुणा, तुझी परीक्षा माझ्या आदल्या दिवशी आहे. तू उतरशील तेव्हा मला काहीतरी खूण ठेव ना. एवढं एकदाच. पुन्हा नाही मागणार."

सगुणाला ते पटलं नाही. पण मैत्रिणीचे डोळे भरलेले पाहून तिला 'नाही' म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर, सात फाटे शिकवणं जिकिरीचं होतं. खूण ठेवणं सोपं होतं.

परीक्षेची रीत अशी होती. पहाटे धुक्यात मुलानं एकट्यानं निघायचं. प्रत्येक फाट्याच्या खऱ्या वाटेवर शंभर पावलांवर बाबा एक रंगवलेला गोटा ठेवून देत. असे अकरा गोटे गोळा करून पायथ्याशी बसलेल्या बाबांच्या पुढ्यात ठेवायचे. दुसऱ्या मुलासाठी पुन्हा नवे गोटे मांडले जात.

सगुणा उतरली. अकरा फाट्यांवर अकरा ठिकाणी, खऱ्या वाटेच्या कडेचं गवत हातात धरून तिनं त्याची गाठ मारली. दुसऱ्या दिवशी हौसा निघाली. फाटा आला की ती गुडघ्यांवर बसे, गवत चाचपडे, गाठ लागली की त्या वाटेला वळे. तिनं झाडं चाचपली नाहीत, ओढ्याचा आवाज ऐकला नाही, पायाखालची माती ओळखली नाही. सगळं लक्ष गाठींवर. सूर्य कासराभर वर यायच्या आत तिनं अकरा गोटे बाबांच्या पुढ्यात ठेवले.

"चार महिने नसूनही?" बाबा चकित झाले. "शाबास पोरी!"

त्यांनी तिच्या हातात कडं घातलं. बापूंनी तर गावात गूळ वाटला. सगुणाला वाटलं, झालं ते बरंच झालं. कुणाचं काय बिघडलं?

मुलांनो, बिघडलेलं सगळं लगेच दिसत नसतं.

धुकं नसायचं तेव्हा वाटा दूरवर दिसत, म्हणून हौसाला काही अडचण येत नसे. पण धुकं उतरलं की तिचं काळीज धडधडू लागे. मग सगुणाच काहीतरी निमित्त काढून तिच्याबरोबर निघे. पुढे हौसा, तिच्या खांद्याला खांदा लावून सगुणा. फाटा आला की सगुणा कोपरानं हळूच ढोसे, एकदा म्हणजे डावीकडे, दोनदा म्हणजे उजवीकडे. लोक म्हणत, "काय मैत्री आहे पोरींची! एकीला सोडून दुसरी चालत नाही."

हे ऐकलं की हौसा मान खाली घाली. आता तरी शिकून घ्यावं, असं तिला वाटे. पण हातात कडं आल्यावर वाट विचारायची कुणाला? आणि विचारायची तरी कोणत्या तोंडानं? सगुणालाही थकवा येऊ लागला होता. दोघींचं काम ती एकटी करत होती, आणि त्याबद्दल कुणाशी बोलायचीही सोय नव्हती.

असे दोन महिने गेले.

एके दिवशी सगुणा सकाळीच मिठाच्या व्यापाऱ्यांना घेऊन खाली उतरली. ती गेल्यावर तासाभरानं म्हादबा कुंभार माथ्यावरच्या वाटाड्यांच्या चौकीवर आला. बरोबर बायको रखमा, दोन लहान पोरं आणि मडक्यांनी लादलेलं गाढव. रखमाची आई खालच्या गावात आजारी होती. निरोप आला होता, लवकर या.

धुकं दाट होतं. चौकीवर हौसा एकटीच होती.

"उद्या गेलात तर नाही का चालणार?" तिनं विचारलं.

"उद्यापर्यंत आई राहील की नाही, कोण जाणे," रखमा म्हणाली. "तुझ्या हातात कडं आहे ना, बाई? मग चल की!"

हौसानं कड्याकडे पाहिलं. 'मला वाट येत नाही,' हे चार शब्द तिच्या जिभेवर आले आणि तिथंच अडकले. ती उठली आणि चालू लागली.

दुपारी सगुणा एकटीच घाट चढून वर आली. चौकीवर दौलतबाबा बसले होते.

"आलीस? हौसा कुंभाराच्या कुटुंबाला घेऊन गेली. वाटेत भेटली असेल."

सगुणा पायथ्यापासून माथ्यापर्यंत अख्खी वाट चालून आली होती. तिला वाटेत कुणीही भेटलं नव्हतं.

एका क्षणात तिच्या मनात काय काय येऊन गेलं! बाबांना सांगितलं तर हौसाचं कडं जाईल. आपलंही जाईल. गुपचूप एकटीनं जाऊन शोधावं का? पण एकटीला किती वाटा शोधता येणार? आणि धुक्यात दोन लहान पोरं होती.

"बाबा," ती म्हणाली, "हौसाला वाट येत नाही."

"काय म्हणतेस? अकरा गोटे आणलेत तिनं."

"ते मी आणवले. गवताला गाठी मारून ठेवल्या होत्या मी. तिला सगळे फाटे येत नाहीत. ती मला वाटेत भेटली नाही, बाबा. ती चुकलीय."

बाबा रागावले नाहीत. रागवायला वेळच नव्हता. त्यांनी खुंटीवरचं शिंग काढलं, आणखी दोन वाटाड्यांना हाक मारली आणि निघाले. चालता चालता त्यांनी विचारलं, "ती कुठं चुकेल असं तुला वाटतं?"

"जुळ्या कातळांच्या फाट्याला. तिथं डावी वाट रुंद आहे, गुरांनी मळलेली. शिकताना ती दर वेळी तिकडेच वळायची."

"ती वाट कड्यावर जाते."

"हो."

"हे तुला परीक्षेच्या आधी ठाऊक होतं?"

"होतं, बाबा."

"तेवढा एक फाटा तिच्याकडून घोटून घ्यायला किती दिवस लागले असते?"

"दोन," ती म्हणाली. "फार तर तीन."

बाबांनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि पावलं वाढवली. सगुणाला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं.

आता इकडे काय झालं ते ऐका.

हौसा जुळ्या कातळांपाशी आली तेव्हा थबकली. डावी वाट पायाला मऊ लागली, म्हणून ती डावीकडे वळली. बरंच अंतर चालल्यावर गाढव अचानक थांबलं. म्हादबानं ओढलं, दामटलं, पण ते चार पाय रोवून उभं. शेवटी म्हादबानं मागून एक काठी घातली. गाढव बिचकून आडवं वळलं, पाठीवरचं दावं सुटलं आणि मडक्यांचं जाळं घरंगळत पुढच्या धुक्यात गेलं.

मडकी फुटल्याचा आवाज आला नाही.

सगळे कान देऊन उभे राहिले. मग खूप वेळानं, खूप खोलवरून, बारीकसा खळ्ळ आवाज आला.

हौसाला कळून चुकलं. पुढे कडा होता. किती पुढे? दहा पावलं की दोन? मागची वाट तरी नीट आठवत होती का? वाटेत गुरांच्या किती पायवाटा येऊन मिळाल्या, ते तिनं पाहिलंच नव्हतं.

"चला मागे," म्हादबा ओरडला. "कुठं आणलंस आम्हाला? मागे चल!"

त्या वेळी हौसाला पुन्हा खोटं बोलता आलं असतं. 'चला, आता सापडली वाट,' असं म्हणून ती कुठेतरी चालू लागली असती, तर लोक तिच्या मागे निघाले असते. तिनं हातातलं कडं काढलं आणि रखमाच्या ओंजळीत ठेवलं.

"हे माझं नाही," ती म्हणाली. "मला वाट येत नाही. मी परीक्षेत फसवलं होतं. पुढे कडा आहे, आणि मागे कुठं काय आहे ते मला सांगता येत नाही. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या, पण एक पाऊल हलू नका. पोरांना मांडीवर घेऊन खाली बसा. कुणीतरी शोधत येईल."

म्हादबा खूप रागावला. तो एकटाच निघू लागला, तेव्हा हौसा वाटेत आडवी पडली आणि तिनं त्याचे पाय घट्ट धरले. रखमा मात्र तिच्या तोंडाकडे पाहत होती. मग ती नवऱ्याला म्हणाली, "बसा खाली. पोरगी आता खरं बोलतेय."

ते बसले. धाकटी पोर रडू लागली, तेव्हा हौसानं आपलं लुगडं फाडून तिला गुंडाळलं. दर थोड्या वेळानं ती तोंडाजवळ हात धरून हाक मारी, "ओऽ!" तिचा घसा बसला. आणि शेवटी तिच्या हाकेला शिंगानं उत्तर दिलं.

बाबा आणि सगुणा पोहोचले, तेव्हा कडा तिथून अवघ्या सात पावलांवर होता. दुसऱ्या वाटाड्यांनी कुंभाराच्या कुटुंबाला धरून खऱ्या वाटेवर नेलं आणि दिवस मावळायच्या आत पायथ्याशी पोहोचवलं. रखमाला आईचं तोंड पाहायला मिळालं. म्हातारी पुढे बरीही झाली.

दोघी मैत्रिणी बाबांच्या मागून वर चढत होत्या. निम्म्या वाटेवर हौसा थांबली.

"तू मला खुणा का ठेवल्यास?"

"अगं, तूच तर मागितल्यास!"

"मी घाबरले होते म्हणून मागितल्या. तू घाबरलेली नव्हतीस. तू 'नाही' म्हणायला हवं होतंस."

सगुणाला राग आला. आणि लगेच रडूही आलं, कारण हौसा म्हणत होती ते खरं होतं. "आणि तू शिकायला हवं होतंस," ती म्हणाली.

"हो," हौसा म्हणाली. "ते तर आहेच."

दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्या शाळेसमोर दोघींची कडी परत घेतली. सगुणाचं कडं काढताना एक मुलगा म्हणाला, "बाबा, हिला तर वाट येते!"

"येते," बाबा म्हणाले. "पण लोक वाटाड्याच्या शब्दावर पाऊल टाकतात. वाट येणं हे अर्धं काम. हिचा शब्द अजून कच्चा आहे. दोघी पुन्हा वर्षभर शिकतील. हौसा वाट शिकेल. सगुणा तिला शिकवेल."

आता राहिले बापू. हौसा स्वतःच घरी गेली. बापू अंगणात दोर वळत बसले होते. तिचं मोकळं मनगट त्यांना दिसलं.

"बापू, मी नापास झालेय," ती म्हणाली. "आत्ता नाही. मागेच झाले होते. तुमच्यापासून लपवलं." आणि तिनं गाठींपासून कड्यापर्यंत सगळं सांगितलं.

बापूंच्या हातातला दोर सुटून पुन्हा उलगडला.

"शिकायला अजून किती लागेल?" त्यांनी विचारलं.

"एक साल."

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला होता, एकच साल."

"म्हणालो होतो," बापू म्हणाले. "बापानं एक म्हटलं की लेकीनं दुसरं मागून बघायचं असतं. गावात सांगितलं तसं आता हेही मीच सांगतो. जा, शीक."

हौसा वळली तेव्हा तिला रडू फुटलं. जिच्या भीतीनं तिनं एवढं सगळं केलं होतं, ती आणखी एक साल मागायची गोष्ट बोलायला पाच वाक्यंसुद्धा लागली नव्हती.

मग ते दुसरं वर्ष सुरू झालं. सगुणा हौसाला आपल्यासारखं शिकवायला लागली. 'हे झाड पाहा, तो दगड पाहा.' पण हौसाच्या ते ध्यानात राहीना. दोघी वैतागत, भांडत, एकमेकींकडे पाठ करून भाकरी खात. एकदा सगुणाच्या लक्षात आलं की हौसा पाहून नव्हे, ऐकून लक्षात ठेवते. घरी कोणतं जातं कुणाचं, हे ती नुसत्या घरघरीवरून सांगायची. तेव्हा सगुणानं तिच्या डोळ्यांवर फडकं बांधलं आणि तिला जुळ्या कातळांपाशी उभं केलं.

"काय ऐकू येतं?"

"डावीकडे काहीच नाही. नुसता वारा, मोकळा." हौसा हळूहळू बोलू लागली. "उजवीकडे वाऱ्याला काहीतरी आडवं येतंय. पानं... आणि खाली पाणी."

"मग गाव कुठं?"

"उजवीकडे," हौसा म्हणाली, आणि फडक्याआडून हसली.

तो फाटा शिकायला दोन दिवस लागले.

वर्ष सरलं. परीक्षा आली. या वेळी सगुणाला हौसाच्या नंतरचा दिवस मिळाला होता. हौसा धुक्यात उतरली आणि सगुणा माथ्यावर दोन्ही हात मांडीत घेऊन बसून राहिली. काही न करता बसणं इतकं अवघड असतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

हौसा पायथ्याशी पोहोचली, तेव्हा दुपार कलली होती. बाकीची मुलं तिच्या निम्म्या वेळात उतरली होती. दोनदा ती चुकली होती आणि दोन्ही वेळा स्वतःची चूक ओळखून मागे फिरली होती. गुडघे फुटले होते. तिनं अकरा गोटे बाबांसमोर मांडले आणि म्हणाली, "उशीर झाला, बाबा."

"झाला खरा," बाबा म्हणाले. "या वर्षीच्या मुलांत तुझा नंबर शेवटचा." आणि त्यांनी तिच्या हातात कडं घातलं.

दुसऱ्या दिवशी सगुणालाही तिचं कडं मिळालं. पुढे दोघी म्हाताऱ्या होईपर्यंत त्या घाटात वाटाड्या होत्या. धुकं सगळ्यांत दाट असे, तेव्हा लोक हौसाबाईला विचारत चौकीवर येत, कारण तिला दिसण्याची गरजच पडत नसे.

आणि त्या शाळेत एक नवी रीत पडली. परीक्षेच्या महिनाभर आधी बाबा प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारू लागले. प्रश्न वाटेचा नसे. ते विचारत, "तुझ्या सोबत्याचं कुठं अडतं?" ज्याला उत्तर येई, त्याला बाबा म्हणत, "मग जा, त्याच्याजवळ बस. अजून महिना आहे."

तात्पर्य : सोबत्याला आपलं उत्तर उसनं देणं ही मदत नव्हे, त्याचं उत्तर त्याला येईपर्यंत त्याच्याजवळ बसणं, हीच खरी मैत्री.